पानगळीतली टर्की : एका अवघड शिकारीचा चारशे वर्षांचा इतिहास

१६२१ सालची पानगळ. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील प्लिमथ या इंग्रज वसाहतीत पहिले पीक हाती आले होते. आदल्या हिवाळ्यात वसाहतीतील जवळजवळ निम्मी माणसे दगावली होती; उरलेल्यांना निदान या वर्षी धान्याची शाश्वती वाटत होती. तेव्हा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने चार माणसांना पक्ष्यांच्या शिकारीस धाडले. एडवर्ड विन्स्लो याने त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडला पाठवलेल्या पत्रात नोंदवले आहे की, या चौघांनी एका दिवसात मारलेले पक्षी वसाहतीला जवळपास आठवडाभर पुरले.

ते पक्षी कोणते होते, हे विन्स्लो सांगत नाही. ब्रॅडफर्डने पुढे लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासात मात्र त्या पानगळीचे वर्णन करताना रानटर्की विपुल मिळाल्याचा उल्लेख येतो. एका पत्रातील आणि एका ग्रंथातील या त्रोटक नोंदींच्या आधारावर नंतरच्या पिढ्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सणाचे सारे चित्र रंगवले. १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने नोव्हेंबरातील शेवटचा गुरुवार हा राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर केला आणि ताटातील टर्की हे त्या दिवसाचे चिन्ह होऊन बसले.

या चित्राने एक गैरसमज मात्र पक्का केला. टर्की म्हणजे गुबगुबीत, संथ, बंदुकीसमोर आपणहून येऊन उभा राहणारा पक्षी, असा तो समज. ज्या नोव्हेंबरात अमेरिकेतील घरोघरी भाजलेली टर्की कापली जाते, त्याच नोव्हेंबरात तिचा रानातील भाऊबंद हा त्या खंडावरील सर्वांत अवघड शिकारींपैकी एक मानला जातो. हा अवघडपणा कुठून आला, माणसाने त्याला कोणत्या पळवाटा शोधल्या आणि त्या पळवाटांनी पक्ष्याचे काय केले, याचा हा धागा.

प्रथम ताटातली टर्की आणि रानातली टर्की यांची फारकत करणे आवश्यक आहे. पाळीव टर्कीचे मूळ मेक्सिकोत आहे. मध्य अमेरिकेतील लोकांनी हा पक्षी युरोपीय येण्यापूर्वी शेकडो वर्षे आधी माणसाळवला होता. आजच्या अमेरिकेच्या नैऋत्य भागातील प्यूब्लो समाजाच्या पूर्वजांनीही टर्की पाळली. मांसाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या पिसांसाठी. पिसे दोऱ्यात गुंफून ते उबदार पांघरुणे करीत. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिशांनी मेक्सिकोतील पाळीव पक्षी युरोपात नेला आणि तेथून तो जगभर गेला.

जगभर म्हणताना गोव्याचे नाव घेणे भाग आहे. १६१२ मध्ये मुघल बादशहा जहांगीर याचा विश्वासू सरदार मुकर्रबखान याने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्व प्राणी-पक्षी विकत घेऊन दरबारात आणले, त्यात एक टर्की होती. जहांगीर हा निष्णात शिकारी आणि त्याहून निष्णात निरीक्षक. आकाराने हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा व मोरापेक्षा लहान, आणि उत्तेजित झाला की त्याच्या डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, हे त्याने आत्मचरित्रात बारकाईने लिहून ठेवले. केवळ ऐकून लोकांचा विश्वास बसणार नाही म्हणून चित्रकारांना या प्राण्यांची चित्रे काढण्याचा हुकूमही दिला. दरबारी चित्रकार मन्सूर याचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

नावाची गंमतही येथेच सांगितलेली बरी. इंग्रजांनी या अमेरिकी पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव दिले. फ्रेंच नावात तो हिंदुस्थानचा ठरला. तुर्की भाषेत त्याला चक्क ‘हिंदी’ म्हणतात, आणि ज्या पोर्तुगीजांच्या गोव्यातून तो आग्र्याच्या बादशहापर्यंत पोहोचला, त्यांच्या भाषेत तो ‘पेरू’. ज्याच्या त्याच्या मते पक्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी देशाचा.

परंतु जहांगीरने पाहिलेला पक्षी हा पिढ्यान् पिढ्या खुराड्यात वाढलेल्या वंशातला होता. उत्तर अमेरिकेच्या जंगलातील रानटर्की जातीने तीच, स्वभावाने मात्र वेगळी. पाळीव टर्कीच्या पोसलेल्या देहाला उडणे जमत नाही. रानटर्की रोज संध्याकाळी उंच झाडावर झेप घेऊन रातथाऱ्याला बसते. प्रौढ नराचे वजन सात ते अकरा किलो. एवढा देह घेऊनही ती ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते आणि थोड्या अंतरापुरती त्याच्या दुप्पट वेगाने उडते. तिचे नाक फारसे कामाचे नाही. ती उणीव डोळ्यांनी भरून काढली आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरचे व बाजूचे एकदम दिसते. मान जराशी वळवली की पाठीमागचेही. तिला रंग ओळखता येतात आणि स्थिर रानातली एवढीशी हालचाल टिपता येते. लपणात बसलेल्या शिकाऱ्याने गालावरचा डास हाकलण्यासाठी हात उचलला, तर त्याची सकाळ तेथेच संपली असे समजावे.

ही शक्ती बाराही महिने असते. मग पानगळीतच शिकार अधिक अवघड का?

याचे उत्तर पक्ष्याच्या वर्षचक्रात आहे. वसंतात नर टर्की प्रणयोत्सुक असते. पहाटे रातथाऱ्यावरूनच नर मोठ्याने आरवतो आणि आपला ठावठिकाणा साऱ्या जंगलाला सांगून टाकतो. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करतो, आणि भान हरपलेला नर पिसारा फुलवीत त्या आवाजाच्या दिशेने चालत येतो. निसर्गक्रमाने मादीने नराकडे जायचे असते. शिकारी तो क्रम उलटवतो. तेही सोपे नव्हे, पण निदान पक्षी बोलतो आणि त्याला काही हवे असते.

पानगळीत यातले काहीच उरत नाही. नर क्वचितच आरवतो. मादीच्या आवाजाशी त्याला कर्तव्य नसते. प्रौढ नर आपापली छोटी टोळकी करून वेगळे हिंडतात. माद्या त्या वर्षीच्या पिल्लांसह वेगळे कळप करतात. मे-जूनच्या सुमारास अंड्यांतून निघालेली पिल्ले ऑक्टोबरात चार-पाच महिन्यांची, जवळजवळ पूर्ण वाढीची झालेली असतात, आणि अशा दोन-तीन कुटुंबांचा एक कळप होतो. म्हणजे शिकाऱ्याला एका जोडी डोळ्यांऐवजी वीस-तीस जोड्यांना चकवायचे असते. एकाने सावधगिरीचा ठेका दिला की सारा कळप नाहीसा. त्यातून पायाखाली वाळलेल्या पानांचा थर. दर पावलाला चुरचुर. पानगळीच्या सुरुवातीस झाडांवर अजून पाने असतात म्हणून पक्षी दिसत नाही. ती गळून पडली की शिकारी दिसतो.

शिवाय कळप एका जागी राहत नाही. पानगळीतील टर्कीचे सारे जीवन अन्नाभोवती फिरते, आणि ते अन्न म्हणजे प्रामुख्याने ओकची फळे, बीचच्या बिया, पूर्वी चेस्टनट. कोणत्या डोंगरावरच्या ओकला यंदा फळ धरेल, हे दर वर्षी बदलते. गेल्या वर्षी ज्या खोऱ्यात पन्नास पक्षी होते तेथे यंदा एकही नसण्याचा संभव असतो. त्यामुळे पानगळीचा शिकारी आधी मागकाढ्या असावा लागतो. पालापाचोळा कोणत्या दिशेने उकरला आहे, त्याखालची माती अजून ओली आहे का, हे तो पाहतो. विष्ठेवरूनही नर-मादी ओळखता येते. नराची लांबट व टोकाला वळलेली, मादीची गोल वेटोळ्याची. वसंतातला शिकारी कानावर भिस्त ठेवतो, तर पानगळीतल्याला जमीन वाचता यावी लागते.

मूलनिवासी समाजांना हे वाचन पिढीजात अवगत होते. रानटर्की त्यांच्यासाठी अन्न होती, वस्त्र होती, हत्यारही होती. न्यू इंग्लंडमधील जमाती तिच्या पिसांचे झगे करीत. पिसे बाणांना लावली जात. पायाच्या नखराचा उपयोग टोकासाठी होई. आणि तिच्याच पंखाच्या पोकळ हाडांची नळी करून, ओठांनी हवा शोषून, तिच्याच आवाजाची साद घालता येई.

सादेचे हे तंत्र पानगळीत एका विशिष्ट रीतीने वापरले जाते, आणि वसाहतीच्या काळापासून आजपर्यंत ती रीत फारशी बदललेली नाही. कळप सापडला की त्याच्यावर गोळी झाडायची नाही. आरडाओरड करीत थेट त्याच्यात धावत जायचे, म्हणजे पक्षी दाही दिशांना उधळतात. ते कसे उधळले यावर सारे अवलंबून. सगळे एकाच दिशेने उडाले तर पलीकडे उतरून पुन्हा एकत्र होतात आणि शिकारी हात हलवीत परततो. वेगवेगळ्या दिशांना गेले, तर जेथून ते उधळले त्याच जागी एखाद्या बुंध्याला टेकून निश्चल बसायचे. अर्ध्या-पाऊण तासाने रानात शिटीसारखा ‘की-की-की’ असा कातर आवाज येऊ लागतो. तो चुकलेल्या पिल्लांचा. शिकारी तोच आवाज काढतो, किंवा आईची बोलावणी साद घालतो, आणि पिल्ले परत येतात.

या कौशल्याचे कौतुक शिकारसाहित्यात भरपूर आहे. ते खोटे नाही. पण वसंतात शिकारी नराच्या कामेच्छेचा फायदा घेतो आणि पानगळीत पोरक्या झालेल्या जिवाच्या ओढीचा. हा फरक वाचणाऱ्याच्या मनाला टोचल्याशिवाय राहत नाही. व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत कळप उधळण्यासाठी खास कुत्री शिकवतात. कुत्रे कळपात शिरून भुंकते, पक्षी उडतात, आणि मग तेच कुत्रे मालकाशेजारी, कित्येकदा एखाद्या पोत्यात, तासन् तास मुकाट पडून राहते.

हे सारे करूनही रिकाम्या हाताने परतण्याचीच शक्यता अधिक. मग ज्यांना टर्की विकून पोट भरायचे होते, त्यांनी काय केले? त्यांनी शिकारच टाळली.

याचे सर्वांत बोलके वर्णन जॉन जेम्स ऑड्युबॉन या पक्षीचित्रकाराने केले आहे. त्याच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या अवाढव्य चित्रसंग्रहातील पहिलेच चित्र रानटर्कीच्या नराचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो केंटकीतील हेंडरसन या गावी, ओहायो नदीकाठी राहत असे, आणि पानगळीत टर्कींचे स्थलांतर त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ऑक्टोबरात रानातील फळे कमी पडली की कळप ओहायो-मिसिसिपीच्या सुपीक खोऱ्यांकडे पायी निघत. नर वेगळे, माद्या व पिल्ले वेगळी. वाटेत नदी आडवी आली की काठावरच्या सर्वांत उंच जागी जमून एखाद-दोन दिवस जणू खल करीत. मग उंच झाडांच्या शेंड्यांवर चढत आणि म्होरक्याच्या एका इशाऱ्यासरशी सारे पैलतीराकडे झेपावत. धट्टेकट्टे पार होत. तरणी, दुबळी पाखरे अध्येमध्ये पाण्यात पडत व पोहत काठ गाठत. दमलेले, गोंधळलेले असे कळप पैलतीरावर उतरत, आणि तेथे बंदुका वाट पाहत असत.

सापळा तर त्याहून सोपा. लाकडाच्या ओंडक्यांचा एक कोंडवाडा बांधायचा, वर फांद्यांचे छप्पर घालायचे. बाहेरून आत जाणारा एक चर भिंतीखालून खणायचा आणि त्यात मका पसरीत न्यायचा. टर्की मान खाली घालून मका टिपत चरातून आत शिरते. आत पोचली की मान वर करते आणि मग सुटकेसाठी छपराच्या फटी शोधत भिंतीभोवती फिरत राहते. ज्या भोकातून आली ते पायाशीच उघडे असते. पण ती खाली पाहत नाही. अशा एका कोंडवाड्यात सुमारे दोन महिन्यांत ७६ पक्षी सापडल्याचा हिशेब ऑड्युबॉनने दिला आहे. त्याच परिसरात पंचवीस-तीस पौंडांचा उत्तम नर पाव डॉलरला गेला तरी सौदा चांगला झाला असे मानीत, असेही तो लिहितो.

तिसरी पळवाट रातथाऱ्याची. जिचे डोळे दिवसा अजिंक्य, तिला रात्री नीट दिसत नाही. चांदण्या रात्री निष्पर्ण फांद्यांवर बसलेले काळे आकार आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात. खालून एकेक टिपता येतो.

कोंडवाडा, आमिष आणि रातथारा या तीन युक्त्यांत एक गोष्ट समान आहे. तिन्ही पानगळ-हिवाळ्यात सर्वाधिक फलदायी, कारण तेव्हाच पक्षी पोसलेला असतो, कळपात असतो आणि अन्नाच्या शोधात असतो. ज्या कळपाने एकट्या शिकाऱ्यापासून संरक्षण दिले, तोच कळप सापळ्यात एकदम पंधरा-वीसच्या संख्येने सापडू लागला. आणि त्यात माद्या व पिल्लेच अधिक.

परिणाम फार लवकर दिसू लागले होते. १६७२ मध्ये, म्हणजे प्लिमथच्या त्या सुगीनंतर अवघ्या पन्नास वर्षांनी, जॉन जॉसेलिन या इंग्रज प्रवाशाने न्यू इंग्लंडच्या रानात टर्की आता क्वचितच भेटते अशी नोंद केली. १७०८ मध्ये न्यूयॉर्क वसाहतीने काही परगण्यांत टर्कीसह काही पक्ष्यांच्या शिकारीवर ठरावीक काळाची बंदी घातली. असे कायदे होत राहिले, पण त्यांची अंमलबजावणी करणारा कुणी रानात नव्हता. रान तरी कुठे उरले होते? शेतीसाठी जंगलतोड झाली. १८५१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील माउंट टॉम येथे राज्यातील शेवटची ज्ञात रानटर्की मारली गेली. ज्या राज्यात थँक्सगिव्हिंगची कथा घडली, त्या राज्यात लिंकनच्या घोषणेच्या बारा वर्षे आधीच रानातला नायक संपला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक आघात झाला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनटच्या झाडांवर एक बुरशीजन्य रोग आढळला. पुढील चार-पाच दशकांत त्याने अमेरिकी चेस्टनटची अब्जावधी झाडे मारली. ओकचे फळ एका वर्षी येते आणि दुसऱ्या वर्षी हुलकावणी देते. चेस्टनट मात्र जवळजवळ दर वर्षी भरवशाने फळत असे. पानगळीतील टर्कीचा हा खात्रीचा आधार कायमचा गेला. १९२० पर्यंत, जेथे रानटर्की मुळात नांदत होती त्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून ती नाहीशी झाली होती. १९३० च्या दशकात साऱ्या देशात किती पक्षी उरले याचे अंदाज तीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. कोणताही धरला तरी, कोणे एके काळी लक्षावधींनी असलेल्या पक्ष्याची ही शेवटची शिल्लक होती.

सावरण्याची कथा अनेकदा केवळ कायद्यांची यादी म्हणून सांगितली जाते. १९०० चा लेसी कायदा, ज्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा आंतरराज्यीय व्यापार गुन्हा ठरवला. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, ज्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लावला. दोन्ही महत्त्वाचे खरे. पण पक्षी परत आणण्याचा पहिला मोठा प्रयोग सपशेल फसला, आणि तो का फसला हे अधिक बोधप्रद आहे.

राज्याराज्यांतील वनखात्यांना वाटले, पिंजऱ्यात टर्की वाढवावी आणि रानात सोडावी. अनेक दशके, हजारोंच्या संख्येने असे पक्षी सोडले गेले. बहुतेक सारे मेले. कोल्हा आला तर काय करायचे, ओकखाली काय शोधायचे, संध्याकाळी कोणत्या झाडावर बसायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. कारण हे ज्ञान आई पहिल्या पानगळीपर्यंत पिल्लांना देते, आणि पिंजऱ्यात आई नव्हती. शिकाऱ्याला जो कळप इतका छळतो, तो खरे तर टर्कीची शाळा होता.

तेव्हा खरोखरच्या रानटर्कीच पकडून दुसरीकडे नेणे एवढा एकच मार्ग राहिला. पण जो पक्षी मारता येत नाही तो जिवंत पकडायचा कसा? बदके व हंसांसाठी तयार झालेल्या एका यंत्राने हे कोडे सोडवले. जमिनीवर मका टाकायचा, बाजूला मोठे जाळे घडी करून पाल्याखाली लपवायचे, आणि कळप जमला की छोट्या तोफांसारख्या नळ्यांतून बार काढून जाळे त्याच्यावर फेकायचे. १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनात या जाळ्याने रानटर्की पकडल्या गेल्या आणि पुढील काही दशकांत शेकडो कळप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. मक्याचे आमिष आणि कळपाची सवय, म्हणजे कोंडवाड्याचीच जुनी युक्ती. फक्त या वेळी पक्ष्याला शेवटी पेटीतून दुसऱ्या रानात सोडले जात होते.

पक्षी वाढू लागले तसा शिकारीचा हंगाम पुन्हा उघडण्याचा प्रश्न आला, आणि येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. शतकानुशतके टर्कीची मुख्य शिकार पानगळ-हिवाळ्यातली. वसंतात, विणीच्या तोंडावर, पक्षी मारणे हे कुणालाही विपरीतच वाटेल. पण जीवशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. टर्कीचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि अंडी-पिल्लांची कोणतीही जबाबदारी घेत नाही. वसंतात फक्त नर मारले, आणि तेही बहुतेक माद्यांचे मीलन उरकल्यावर, तर पुढच्या पिढीवर फारसा परिणाम होत नाही. पानगळीत मात्र तरणा नर आणि मादी दुरून ओळखणे अवघड. गोळी कित्येकदा मादीलाच लागते. पानगळीत मेलेली मादी म्हणजे येत्या वसंतातले दहा-बारा अंड्यांचे एक घरटे वजा. १९६० मध्ये मिझुरीने आपला पहिला आधुनिक हंगाम उघडला तो म्हणूनच वसंतात आणि अवघा तीन दिवसांचा. त्यात ९४ पक्षी मारले गेले. १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियानेही वसंतातला हंगाम सुरू केला. आज अलास्का सोडून सर्व राज्यांत वसंतात टर्कीची शिकार चालते, आणि नव्या शिकाऱ्यांना तीच परंपरा वाटते. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांत ही परंपरा दूरदर्शनच्या वयाची आहे.

जुनी परंपरा, म्हणजे पानगळीची शिकार, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया अशा ॲपलेशियन पर्वताच्या पट्ट्यात टिकली, पण अटींच्या चौकटीत. आमिष घालणे बहुतेक ठिकाणी गुन्हा, रातथाऱ्यावरील पक्षी मारणे गुन्हा, कोंडवाडा तर इतिहासजमा. काळाच्या ओघात माणसाने शोधलेल्या साऱ्या पळवाटा कायद्याने एकेक करून बुजवल्या, आणि शिकाऱ्यासमोर पुन्हा तोच कळप, तीच वाळलेली पाने आणि तेच डोळे उभे केले.

यात एक कोडे शिल्लक होते, ते ओकच्या फळांचे. सर्वसाधारण समज असा की, रानात अन्न भरपूर तर शिकारही भरपूर. पानगळीच्या आकड्यांनी नेमके उलटे दाखवले. ओकला भरघोस फळ आले की टर्की खोल रानात विखुरतात, थोड्याशा हिंडण्यात पोट भरते आणि शिकाऱ्याला त्या सापडत नाहीत. फळ धरले नाही की भुकेले कळप रानाबाहेर शेतांच्या बांधावर येतात आणि सहज दृष्टीस पडतात. म्हणजे ज्या वर्षी पक्षी आधीच अडचणीत असतो, नेमक्या त्याच वर्षी तो अधिक मारला जातो. १९९० च्या सुमारास व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियातील अभ्यासकांनी माद्यांच्या पाठीवर छोटे रेडिओ बांधून त्यांचे जगणे-मरणे नोंदवले, तेव्हा पानगळीतील शिकारीचा माद्यांच्या संख्येवर पडणारा भार स्पष्ट झाला. हंगाम किती आठवड्यांचा असावा, माणशी किती पक्षी, मादी मारू द्यावी की नाही, यावर तेव्हापासून प्रत्येक राज्यात वाद चालू आहे.

पानगळीच्या शिकाऱ्यांची बाजूही ऐकण्याजोगी आहे. त्यांच्या मते ही शिकार शिकवते अधिक आणि मारते कमी. कळपाची भाषा, रानातील फळांचे वेळापत्रक, माग काढणे, हे सारे वसंतात बसल्या जागी मिळत नाही. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एडवर्ड मॅकइल्हेनी याचा रानटर्कीवरील ग्रंथ चाळला, तर अशा बारकाव्यांच्या जाणकारीची एक संपूर्ण दुनिया तेथे भेटते. ती विरळ होत चालली आहे हे खरे. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना यांसारख्या दक्षिणेतील राज्यांत पानगळीचा हंगामच नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी देशातील रानटर्कींची संख्या सत्तर लाखांच्या आसपास पोहोचली होती. त्यानंतर विशेषतः आग्नेयेकडे ती घटू लागली, आणि घट दिसली की पहिली कात्री बहुधा पानगळीच्या हंगामाला लागते.

आणि मॅसॅच्युसेट्स? तेथे १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेल्या ३७ रानटर्की बर्कशायरच्या डोंगरात सोडल्या गेल्या. १९८० मध्ये राज्याने वसंतातला हंगाम उघडला; पानगळीचा त्यानंतर. आज तेथे तीस हजारांच्या वर पक्षी आहेत. बर्कशायरच्या ओकबनात पहाटेपासून बुंध्याला टेकून बसलेल्या शिकाऱ्याला ते सहसा दिसत नाहीत. त्याच सकाळी बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन उपनगरात, जेथे बंदूक चालवायला मनाई आहे, पाच-सहा टर्की रस्ता अडवून मोटारींच्या चकचकीत पत्र्यातील आपल्याच प्रतिबिंबाला चोची मारीत असतात.